रुग्णालयातील चॅप्लिन सेवा: धीर देणारी, पण रात्री अपुरी पडणारी

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होताना कागदांचा जो गठ्ठा हातात पडतो, त्यात संमतिपत्रे असतात, विम्याचे अर्ज असतात, आहाराच्या सूचना असतात आणि काही रुग्णालयांत शेवटच्या पानावर चॅप्लिन सेवेविषयी, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणाऱ्या धर्मसेवकाच्या सेवेविषयी, दोन-चार ओळीही असतात. बहुतेक रुग्ण त्या ओळींपर्यंत पोहोचतच नाहीत आणि जे पोहोचतात त्यांतील अनेकांची समजूत अशी असते की ही सेवा मरणासन्न माणसासाठी आहे. माझ्या हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयात झाली, तेथे ही सेवा मी दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत घेतली आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते. रुग्णालयाचे आणि माणसांचे नाव मी देत नाही. अशी सेवा ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी तिच्याकडून काय मागून घ्यावे आणि कशावर समाधान मानू नये, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

सेवेचा गाभा उत्तम आहे, हे आधीच सांगतो. ख्रिस्तावरील विश्वासामुळे धैर्य येते हे वाक्य आपण उपासनेत, प्रार्थनासभेत आणि सांत्वनाच्या भेटीत इतक्या वेळा ऐकतो की ते धैर्य नेमके कोणत्या वाटेने येते, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. या रुग्णालयातील चॅप्लिनबाईंनी ती वाट मला दाखवली. आपल्याला ज्याची भीती वाटते ते देवासमोर आणि एखाद्या विश्वासू माणसासमोर स्पष्ट शब्दांत बोलता आले पाहिजे. धैर्याची सुरुवात तेथून होते. सेवेत जे चांगले होते ते या समजुतीतून आलेले होते, आणि जेथे जेथे ती कमी पडली तेथे हीच समजूत सुटलेली मला दिसली.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे आहे. दाखल होताना भरून घेतलेल्या अर्जात धर्माचा रकाना असतो आणि त्याखाली चॅप्लिनने भेटावे का, असा स्वतंत्र प्रश्न असतो. होकार दिल्यास दिवसपाळीतील चॅप्लिन वॉर्डात येऊन भेटतात, शस्त्रक्रियेच्या सकाळी इच्छा असल्यास पुन्हा येतात, बाहेर थांबलेल्या नातेवाइकांची विचारपूस करतात, खाटेजवळ प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घेतली जाणारी भाकर व द्राक्षरस) देतात आणि एखाद्या कॅथलिक रुग्णाला तेल लावून प्रार्थना करणारे फादर हवे असतील तर त्यांना बोलावून घेतात. याशिवाय स्वयंसेवकांचा एक गट आहे, एक छापील पुस्तिका आहे आणि तळमजल्यावर प्रार्थनेची लहानशी खोली आहे. खोली स्वच्छ आणि शांत आहे. तिच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

चॅप्लिनचे काम मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पाळकाच्या कामाहून वेगळे असते. पाळक आपल्या सभासदाला, त्याच्या घरच्यांना, त्याच्या सुखदुःखांना वर्षानुवर्षे ओळखत असतो. चॅप्लिनला मात्र पूर्णपणे अनोळखी माणसाच्या खाटेजवळ जाऊन, हाती असलेल्या थोड्या वेळात, त्या माणसाच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. त्यासाठी शिक्षण लागते, आणि या शिक्षणाचा उगम मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील अँटन बॉयसन या धर्मसेवकाला १९२० साली स्वतःलाच तीव्र मानसिक आजारामुळे रुग्णालयात राहावे लागले. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लिन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी तेथे प्रत्यक्ष कामासाठी आणले. ग्रंथ ज्या काळजीने वाचतो त्याच काळजीने जिवंत माणूसही वाचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णाच्या खाटेवर पडून ज्याने वरचे छत पाहिले आहे, अशा माणसाने ही पद्धत सुरू केली, हे या सेवेच्या स्वभावात आजही जाणवते.

चॅप्लिनबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून माझ्या गुडघ्यांच्या रेषेत ठेवली, म्हणजे मान न वळवता मला त्यांच्याकडे पाहता येईल आणि नको असेल तेव्हा खिडकीकडेही पाहता येईल. फोन बंद करून त्यांनी पिशवीत टाकला. बायबल पिशवीतच राहिले. ‘उद्याच्या दिवसातली कोणती गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त भीतीची वाटते?’ असा त्यांचा पहिला प्रश्न होता. मला मरणाची भीती असेल असे मी स्वतःही धरून चाललो होतो; पण तोंडातून जे निघाले ते वेगळेच होते. भुलीतून जागे होताना घशात नळी असेल, मला बोलता येणार नाही आणि आजूबाजूच्या कोणालाही माझे काय होते आहे ते कळणार नाही, याची मला भीती वाटत होती. डॉक्टरांनी ही नळी किती तास राहील, ती कशासाठी असते, हे सारे नीट समजावून सांगितले होते, आणि तरीही ती भीती तशीच होती.

येथे एखादा माणूस लगेच म्हणाला असता की काळजी करू नका, देव सांभाळील. चॅप्लिनबाईंनी तसे काही म्हटले नाही. त्या वेळी बोलता आले नाही तर कोणाला काय सांगायचे राहील, असे त्यांनी विचारले, आणि मी बराच वेळ माझ्या पत्नीविषयी बोलत राहिलो. माझे बोलून झाल्यावर त्यांनी परिचारिकेला बोलावले आणि जागे झाल्यावर होकारासाठी एकदा व नकारासाठी दोनदा हात दाबायचा, अशी खूण आमच्या तिघांत ठरवून घेतली. मग पिशवीतून बायबल काढून रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील सव्विसावे वचन वाचले. काय आणि कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौल तेथे लिहितो. हे वचन मी असंख्य वेळा ऐकलेले होते, परंतु घशात नळी असलेल्या माणसाचीही प्रार्थना पोहोचते असा त्याचा अर्थ होतो, हे मला त्या खाटेवर उमगले. वचन आणि हाताची खूण या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच भेटीत दिल्या, आणि या सेवेची गुणवत्ता मी याच जोडीवरून ठरवतो.

शास्त्रभाग निवडण्याची त्यांची पद्धतही स्वतंत्रपणे नोंदवण्यासारखी आहे. रुग्णालयाच्या पुस्तिकेत स्तोत्र २७ चे केवळ पहिले वचन छापलेले आहे. परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे, मग मी कोणाला भिऊ, असा त्याचा आशय आहे. चॅप्लिनबाईंनी ते स्तोत्र पूर्ण, चौदाही वचने, सावकाश वाचले. पूर्ण वाचल्यावर लक्षात येते की सातव्या वचनापासून सूर अगदी बदलतो. कोणाला भिऊ असे विचारणारा तोच माणूस आता देवाला विनवू लागतो की माझ्यापासून तोंड लपवू नकोस, मला टाकून देऊ नकोस, माझे ऐक. शेवटच्या वचनात तो परमेश्वराची वाट पाहण्यास, खंबीर राहण्यास आणि हिंमत धरण्यास सांगतो. म्हणजे धैर्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये भीतीने व्याकूळ झालेली प्रार्थना आहे आणि ती पवित्र शास्त्राने गाळलेली नाही. स्तोत्र ५६ च्या तिसऱ्या वचनात तर भीती आणि भरवसा एकाच वाक्यात शेजारी शेजारी आहेत: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन, असे तेथे म्हटले आहे. स्तोत्र ८८ त्याहून पुढे जाते. ते अंधारातच संपते आणि त्याच्या शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. अशी स्तोत्रे प्रार्थनापुस्तकात जपून ठेवणारा विश्वास रुग्णाकडून खोट्या शौर्याची अपेक्षा करीत नाही, हे मला त्या वाचनातून पटले.

बायबलमधील गिदोन या सेनानायकाची गोष्टही त्यांनी अशीच सांगितली. शाळेत आणि रविवारच्या वर्गात आपल्याला तीनशे माणसांचा विजय शिकवला जातो. बत्तीस हजारांतून जे भितात त्यांना घरी जाऊ दिले तेव्हा बावीस हजार निघून गेले, हेही आपण ऐकलेले असते. परंतु शास्तेच्या पुस्तकातील तोच गिदोन पहिल्यांदा भेटतो तेव्हा मिद्यानी लोकांपासून लपून द्राक्षकुंडात गहू झोडत असतो. बआल या दैवताची वेदी पाडण्याची आज्ञा होते तेव्हा घरच्यांच्या व गावकऱ्यांच्या भीतीने ते काम तो रात्री करतो. आणि लढाईच्या रात्री, ती सुरू होण्यापूर्वी, परमेश्वर त्याला सांगतो की खाली छावणीत जायला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन जा. गिदोन पुराला घेऊन गेला, म्हणजेच त्याला भीती वाटत होती. देवाने त्याला त्याबद्दल रागावले नाही, सोबत दिली. ‘उद्या तुमच्याबरोबर खाली कोण येणार आहे?’ असे चॅप्लिनबाईंनी मला विचारले तेव्हा मला त्या गोष्टीतील पुराची जागा समजली.

या सगळ्याच्या मुळाशी गेथशेमाने बाग आहे, जेथे येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू पेत्र, याकोब व योहान यांना बरोबर घेतो, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे त्यांना उघडपणे सांगतो आणि येथे राहून जागे राहा असे म्हणतो. हा प्याला माझ्यापासून दूर कर, ही त्याची पहिली विनंती आहे, आणि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे तो तिच्यानंतर म्हणतो. दुसऱ्या विनंतीचा मोठेपणा सांगताना पहिली विनंती झाकली जाते, ही आपल्या प्रवचनांतील एक जुनी खोड आहे असे माझे मत आहे. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात त्या प्रार्थनेचे वर्णन मोठा आक्रोश आणि अश्रू अशा शब्दांत केलेले आहे. देवाच्या पुत्राला जे बोलण्याची मोकळीक होती ती झडप निकामी झालेल्या माणसाला असू नये, असे कोणी म्हणू शकणार नाही. आणि त्या बागेतील तिघे शिष्य झोपी गेले, हेही विसरू नये. सोबत मागूनही माणसे झोपतात, आणि तरीही येशूने ती मागितली.

धैर्यवान म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्यांच्या बाबतीतही हेच दिसते. जर्मनीतील पाळक डीट्रिख बोनहॉफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत फाशी दिली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असताना १९४३ च्या नाताळासाठी त्यांनी सहबंदिवानांकरिता प्रार्थना लिहून दिल्या होत्या. एका अर्थाने ते कैदी असूनही तेथील चॅप्लिनच झाले होते. याच माणसाने १९४४ साली तुरुंगातून लिहिलेल्या एका कवितेत कबूल केले आहे की इतरांना आपण शांत आणि खंबीर दिसतो, आत मात्र अस्वस्थता आहे, आणि आपण यांपैकी खरोखर कोण आहोत हे देवालाच ठाऊक, आपण त्याचे आहोत. बोनहॉफर यांच्या धैर्यावर या कबुलीने काही डाग लागतो असे मला वाटत नाही. ती वाचूनच मला ते धैर्य विश्वास ठेवण्याजोगे वाटू लागले.

याच्या उलट दिसणारे एक उदाहरणही आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली १७३६ च्या जानेवारीत जहाजाने अमेरिकेला जात असताना वादळ झाले, लाट जहाजावर आदळली, मुख्य शीड फाटले आणि इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. त्याच जहाजावरील मोरेव्हियन या पंथाचे जर्मन ख्रिस्ती लोक त्या वेळी स्तोत्र गात होते आणि ते तसेच गात राहिले. तुम्हाला भीती वाटली नाही का, असे वेस्लींनी नंतर विचारले तेव्हा देवाच्या दयेने नाही, असे उत्तर आले. तुमच्या बायकामुलांना तरी वाटली का, असे विचारल्यावर आमची बायकामुले मरणाला भीत नाहीत, असे सांगण्यात आले. वेस्लींच्या मनावर याचा खोल परिणाम झाला. अशी निर्भयता खरी असते, मी माझ्याच मंडळीतील एका वृद्ध भगिनीच्या आजारपणात ती पाहिलेली आहे. मात्र ते देणे आहे. ज्याला ते मिळाले त्याने देवाचे आभार मानावेत. ज्याला मिळाले नाही त्याच्यावर त्याची सक्ती करणे हा अन्याय आहे.

आणि हाच अन्याय या सेवेतील एका स्वयंसेवकाकडून झाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी ते गृहस्थ हसतमुखाने आले, माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि विश्वास पूर्ण असेल तर भीती उरतच नाही, असे सांगून त्यांनी मोठ्या आवाजात लांबलचक प्रार्थना केली. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ते गेल्यावर आधीच्या भीतीत आणखी एका भीतीची भर पडली: आपला विश्वासच अपुरा आहे की काय, आणि देव त्यामुळे आपल्याला सोडून देईल की काय. चॅप्लिनबाईंनी तासभर बसून जे उभे केले होते ते अशा पाच मिनिटांत डळमळीत होऊ शकते. पौलाने करिंथकरांना स्वतःविषयी लिहिले आहे की आपण त्यांच्याकडे अशक्तपणात, भीत व थरथर कापत आलो होतो. ज्याला असे म्हणता आले त्याच्यापेक्षा आपला विश्वास मोठा असल्याचे कोणी रुग्णाच्या खाटेजवळ सुचवू नये. स्वयंसेवकांना खाटेजवळ पाठवण्यापूर्वी ऐकण्याचे शिक्षण देणे ही या सेवेची पहिली गरज आहे.

शस्त्रक्रियेच्या सकाळची भेट छोटी होती आणि ती तशीच असावी. अंगावरील सर्व धातूच्या वस्तू काढाव्या लागतात, त्यामुळे गळ्यातील क्रूस मी पत्नीच्या हातात दिला. चॅप्लिनबाईंनी नवे काही वाचले नाही. ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ ही पूर्वेकडील मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेली छोटी प्रार्थना त्यांनी मला आदल्या दिवशी शिकवली होती, पहिले दोन शब्द श्वास घेताना आणि उरलेले श्वास सोडताना. तीच आम्ही तिघांनी म्हटली. स्ट्रेचर हलले तेव्हा त्या पत्नीबरोबर मागे थांबल्या. यहोशवाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात खंबीर हो, हिंमत धर, हे शब्द तीन वेळा परमेश्वर बोलतो, सहाव्या, सातव्या आणि नवव्या वचनात. अठराव्या वचनात मात्र तेच शब्द लोक यहोशवाला म्हणतात. धीर देण्याचे काम देवाने माणसांच्याही तोंडी दिले आहे. बाहेरच्या बाकावर माझ्या पत्नीजवळ बसून, तिला प्रार्थना नको होती तेव्हा नुसते बसून, चॅप्लिनबाईंनी ते काम केले, असे पत्नीने मला नंतर सांगितले. रुग्ण भुलीखाली असतो तेव्हा खरी कसोटी बाहेर थांबलेल्या माणसाची असते आणि सेवेने ते ओळखले, याचे मला फार मोल वाटते.

जागे झाल्यावर घशात नळी होती, आणि मी घाबरलोही. परिचारिकेने माझा हात हातात घेऊन दुखते आहे का असे विचारले. मी दोनदा हात दाबला. त्यापुढचे फारसे आठवत नाही.

नंतरच्या दिवसांत एक गोष्ट अनपेक्षित होती. शस्त्रक्रिया चांगली झाल्याचे कळल्यावरही मला कारण नसताना रडू येत असे आणि प्रार्थना करावीशी वाटत नसे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मन असे खचणे नेहमीचे असते, हे डॉक्टरांनी सांगितले. चॅप्लिनबाईंनी मला बायबलमधील एलीया संदेष्ट्याची आठवण दिली. कर्मेल डोंगरावरील एवढ्या मोठ्या विजयानंतर तो रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश न करता उठवून खायला भाकर व प्यायला पाणी देतो, त्याला पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. डोंगरावरचा मंद वाणीचा प्रसंग त्यानंतरचा आहे. त्या दिवशी त्यांनी मला कोणतीही प्रार्थना करायला लावली नाही. खाटेजवळ प्रभुभोजन दिले, भाकरीचा तुकडा गिळेपर्यंत थांबल्या आणि निघून गेल्या. ही संयमाची जाण पुस्तकातून येत नाही.

आता उणिवांकडे येतो. पुस्तिकेचा उल्लेख वर आला आहे. चांगल्या कागदावर, मोठ्या अक्षरांत छापलेली असूनही तिच्यातील सर्व वचने एकेका ओळीची आणि विजयाचीच आहेत. यहोशवा आहे, दावीद आहे, सिंहांच्या गुहेतील दानीएल आहे. गेथशेमाने नाही, स्तोत्र ८८ नाही, पौलाच्या देहातील काटा नाही, जो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि जो तसाच राहिला. दहाबारा सुटी वचने छापण्याऐवजी तीन-चार स्तोत्रे अथपासून इतिपर्यंत छापली तर हीच पुस्तिका कितीतरी उपयोगी होईल.

रात्रीची उणीव त्याहून गंभीर आहे. चॅप्लिन दिवसपाळीत असतात. रात्री केवळ अत्यवस्थ रुग्णासाठी फोनवरून बोलावणे जाते. रुग्णालयात भीतीची वेळ रात्रीचीच असते. वॉर्डातील दिवे मंद होतात, भेटायला आलेली माणसे गेलेली असतात, शेजारच्या खाटेवरील यंत्राचा आवाज अचानक मोठा वाटू लागतो, आणि त्या वेळी ज्याच्याशी बोलता येईल असे कोणी नसते. परिचारिका दयाळू होत्या, पण त्यांच्या हाती कामे असतात. पौलाला करिंथात असताना भिऊ नकोस असा शब्द रात्रीच्या दृष्टान्तात मिळाला, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. सेवेच्या वेळापत्रकाने रात्रीचा विचार केलेला नाही, ही मला तिची सर्वांत मोठी त्रुटी वाटते. घरी गेल्यानंतरची विचारपूसही नाही. टाके ओढले गेले की छातीत पुन्हा काही बिघडले असे वाटते आणि ती भीती रुग्णालयातील भीतीहून लहान नसते. निदान एक फोन व्हावा.

धर्मप्रसाराच्या बाबतीत मात्र सेवेचे वर्तन निर्दोष होते आणि हे स्पष्टपणे लिहिणे मी आवश्यक समजतो. शेजारच्या खाटेवरील रुग्ण ख्रिस्ती नव्हते. त्यांनी अर्जात नकार दिला होता, म्हणून चॅप्लिनबाई त्यांना केवळ नमस्कार करीत. पुढे त्यांनी स्वतः होऊन बोलावले तेव्हा त्या त्यांच्या मुलीच्या शिक्षणाविषयी त्यांच्याशी बोलत बसल्या, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करू का हे विचारून, त्यांनी नको म्हटल्यावर थांबल्या. घाबरलेल्या माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याचा विश्वास बदलू पाहणे हे ख्रिस्ताच्या नावाला शोभणारे नाही. येशूने यरीहोजवळच्या आंधळ्या भिकाऱ्याला मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे, असे आधी विचारले होते.

एकंदर पाहता या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण रात्रीसाठी आणि स्वयंसेवकांच्या अपुऱ्या तयारीसाठी कमी केला आहे; केवळ चॅप्लिनबाईंच्या कामाला गुण द्यायचे असते तर मी पूर्ण पाच दिले असते. तीन मागण्या मी व्यवस्थापनाकडे लेखी दिल्या आहेत: रात्रपाळीत निदान फोनवर बोलू शकणारा चॅप्लिन असावा, स्वयंसेवकांनी आधी चॅप्लिनबरोबर वॉर्डात फिरून ऐकायला शिकावे, आणि घरी गेलेल्या रुग्णाला पहिल्या पंधरवड्यात एकदा फोन जावा.

ही सेवा कोणी घ्यावी, तर ज्याला भीती वाटते त्या प्रत्येक ख्रिस्ती रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी. मरण जवळ येण्याची वाट पाहू नये. अर्जातील प्रश्नाला दाखल होतानाच होकार द्यावा, कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सांगितल्यास भेट मिळेलच असे नाही. चॅप्लिन आल्यावर विश्वासाविषयी चांगले दिसणारे बोलत बसू नये, प्रत्यक्ष कशाची भीती वाटते ते सांगावे, ती गोष्ट इतरांना क्षुल्लक वाटणारी असली तरी. प्रेषित पेत्र व योहान यांना धमक्या देऊन सोडण्यात आले तेव्हा मंडळीने त्या धमक्या प्रार्थनेत देवापुढे जशाच्या तशा ठेवल्या, त्या नाहीशा कर असे न म्हणता धैर्याने बोलण्याचे बळ मागितले. मागणी इतकी नेमकी असली की चॅप्लिनलाही नेमकी मदत करता येते. आणि जोपर्यंत रात्रीची सोय होत नाही तोपर्यंत स्तोत्र २७ पूर्ण उतरवून उशाशी ठेवावे, तसेच आपल्या मंडळीतील एखाद्या माणसाला रात्री दोन वाजता फोन केला तर चालेल का, हे दाखल होण्याआधीच विचारून ठेवावे.